इंग्रज उमराव स्त्रियांच्या मेझोटिंट तसबिरी : त्यांच्या साक्षीची परीक्षा

१

जुन्या पोथ्यांचा व कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं पुष्कळदां असेंहि साहित्य येतें कीं, जें त्यांनीं मागितलेलें नसतें. बाडाच्या तळाशीं, एखाद्या मोडक्या चौकटींत, किंवा विलायती ग्रंथाच्या पानांत चिकटविलेल्या स्थितींत एखादा कागद निघतो. त्यावर काळ्या मखमलीसारख्या छायेंतून वर आलेला एका स्त्रीचा चेहरा असतो. खालीं कोणा डचेसचें किंवा काउंटेसचें नांव असतें. आणि दोन्ही कोपऱ्यांत बारीक अक्षरांनीं दोन लॅटिन क्रियापदें कोरलेलीं असतात. असा कागद मिळाला म्हणजे आपले संग्राहक दोहोंपैकीं एक गोष्ट करितात. कोणी 'ही नुसती नक्कल आहे' असें म्हणून तो बाजूस टाकतो. कोणी खालच्या नांवास प्रमाण मानून, त्या स्त्रीची हीच खरी मुद्रा असें धरून चालतो. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. आणि चुकीचें कारण एवढेंच आहे कीं, पोथीच्या बाबतींत जी शिस्त आपण अंगीं बाणविली आहे ती या ठशांस लावावी असें आपल्या मनांत येत नाहीं.

प्रस्तुत लेखांत इंग्लंडांत सतराव्या व अठराव्या शतकांत निघालेल्या, आणि आधींच्या तैलचित्रांवरून उतरविलेल्या, उमराव स्त्रियांच्या मेझोटिंट तसबिरींचा विचार करावयाचा आहे. विषय परदेशचा असला तरी परीक्षेची रीत आपल्या घरची आहे, असें वाचकांस पुढें दिसून येईल.

हा विषय हातीं घेण्यास आमचीच एक चूक कारण झाली, ती आधीं सांगतों. शाळेंत नोकरी करीत असतांना पुण्यांतील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आम्हीं एक ठसा विकत घेतला. तसबीर लेडी एलिझाबेथ क्रॉमवेल हिची, संत सेसिलियेच्या वेषांतली. चित्रकार सर गॉडफ्रे नेलर, आणि ठसेकार जॉन स्मिथ. नेलर १७२३ सालीं वारला व स्मिथ १७४३ सालीं, एवढें ठाऊक होतें. तेवढ्यावरून हा कागद त्याच काळचा, असें आम्हीं चार मित्रांच्या बैठकींत निःशंकपणें सांगून टाकलें. पुढें एके दिवशीं तोच कागद सहज उजेडासमोर धरला. जुन्या साच्यांतल्या कागदांत तारांच्या समांतर रेघा दिसतात, तशा त्यांत नव्हत्या; कागद विणलेल्या जाळीवर केलेला, एकसारखा होता. असा कागद ग्रंथाच्या छपाईंत प्रथम दिसतो तो बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिलनें १७५७ सालीं काढलेल्या व्हर्जिलच्या आवृत्तींत. म्हणजे आमच्या हातांतला ठसा ठसेकाराच्या मृत्यूनंतर निदान चौदा वर्षांनीं, आणि बहुधा त्याहूनहि बराच उशिरा, झिजलेल्या पत्र्यावरून काढलेला होता. पत्रा जुना, ठसा मागाहूनचा. पोथीच्या अखेरीस ग्रंथकारानें दिलेला रचनेचा शक कोणी लेखनाचा शक म्हणून वाचला तर आम्ही विद्यार्थ्यांस दटावीत असूं. तीच चूक आमच्या हातून घडली होती.

२

परीक्षेपूर्वीं कृति समजून घेणें अवश्य आहे. मेझोटिंट हा शब्द इटालियन असून त्याचा अर्थ 'अर्धी छटा' असा आहे. फ्रेंच लोक या कलेस 'काळी रीत' म्हणतात, आणि तें नांव आम्हांस अधिक सार्थ वाटतें. साध्या ताम्रखोदणींत कलावंत पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा उठवितो. येथें क्रम उलटा आहे. अर्धवर्तुळाकार कडेचें दांतेरी पातें तांब्याच्या पत्र्यावर सर्व दिशांनीं झुलवीत नेतात, त्यामुळें सगळा पत्रा बारीक कंगोऱ्यांनीं खरखरीत होतो. त्या स्थितींत शाई भरून ठसा घेतला तर कागद निव्वळ काळा उठेल. मग ठसेकार खरवडणीनें ते कंगोरे उतरवूं लागतो. मंद उजेड हवा तेथें थोडे, अधिक हवा तेथें अधिक. कपाळ, नाकाचा शेंडा, मोत्यांची चमक, साटिनच्या चुण्यांच्या कडा या जागा तो घोटणीनें अगदीं गुळगुळीत करितो. आपल्याकडे पोथीचा कागद घोटीत तो शाई न पसरतां नीट उठावी म्हणून. येथें पत्रा घोटतात तो शाई मुळींच धरूं नये म्हणून.

या कृतींतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, रेघांच्या जाळ्यावांचून छाया-प्रकाशाचे सर्व चढ-उतार दाखवितां येत असल्यामुळें तैलचित्रांतील कांति, रेशीम, मखमल आणि अंधारलेली पार्श्वभूमि उतरविण्यास याहून योग्य साधन त्या काळीं दुसरें नव्हतें. स्त्रियांच्या तसबिरींसाठीं ही कला लोकप्रिय झाली ती याच कारणानें. दुसरी ही कीं, ते कंगोरे नाजूक असल्यामुळें दर ठशागणिक ते दाबले जातात. आरंभींच्या ठशांतील मखमल पुढच्या ठशांत राहत नाहीं. काळ्याचा करडा होतो, आणि चेहऱ्यावरचे सूक्ष्म उतार सपाट होतात. १८२२ च्या सुमारास टॉमस लप्टननें पोलादी पत्र्यांचा उपयोग सुरू केला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. तेव्हां एकाच पत्र्याचे दोन ठसे म्हणजे एकच पाठ असें समजूं नये. त्यांतला एक वाचनीय व दुसरा जीर्णाक्षर असण्याचा संभव असतो. आणि झिजलेला पत्रा दुसऱ्याच हातानें पुन्हां खरवडून सजविलेला असला, तर त्यांत प्रक्षेपहि असतो.

या कलेचा जन्मच एका उमराव स्त्रीच्या तसबिरीनें झाला आहे. लुडविग फॉन झीगेन यानें १६४२ सालीं हेस-कासेलची लँडग्रेव्हीन आमालिया एलिझाबेथ हिची तसबीर या रीतीनें उठविली, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तिच्या मुलास पत्र लिहून आपली नवी युक्ति कळविली. त्या वेळीं वर सांगितलेलें झुलतें पातें नव्हतें. त्यानें दांतेरी चाकानें काम केलें. ती तसबीर त्याची स्वतःची होती. पण थोड्याच काळांत त्यानें होंटहोर्स्टच्या चित्रावरून बोहेमियाची राणी एलिझाबेथ हिची तसबीर उठविली, आणि तेथून ही कला दुसऱ्याच्या चित्रांची प्रत करण्याच्या कामास लागली ती कायमची. त्याच राणीचा मुलगा प्रिन्स रुपर्ट यानें पुढें ही कला उचलली. आणि १६६२ सालीं जॉन एव्हलिन यानें आपल्या 'स्कल्प्चुरा' ग्रंथांत तिचें श्रेय झीगेनला न देतां रुपर्टला देऊन टाकलें. कर्तृत्वाच्या नांवाचा घोटाळा असा आरंभापासूनच या कलेच्या मागें लागलेला आहे.

३

आतां ठशाच्या तळचा मजकूर घेऊं. ही त्याची पुष्पिका होय. डाव्या कोपऱ्यांत बहुधा 'पिन्क्सिट' या क्रियापदासह चित्रकाराचें नांव असतें, म्हणजे अमक्यानें हें चितारलें. उजवीकडे 'फेकिट' किंवा 'स्कुल्प्सिट' असतें, म्हणजे अमक्यानें हा पत्रा केला. जेथें 'एक्सकुडिट' येतें तेथें तें नांव प्रकाशकाचें समजावें. १७३५ सालीं इंग्लंडांत खोदकामाच्या मालकी हक्काचा कायदा झाला, आणि तेव्हांपासून मालकाचें नांव व प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर घालणें हक्कासाठीं अवश्य झालें. संग्राहकास ही मोठीच सोय झाली. परंतु ती तारीख पत्रा प्रथम प्रसिद्ध झाल्याची आहे. मूळ चित्र कधींचें आणि हातांतला कागद कधींचा, हे दोन प्रश्न तिनें सुटत नाहींत.

पुष्पिकेंतील दुसरी अडचण खुद्द त्या स्त्रीच्या नांवाची आहे. या ठशांवर स्त्रीचें जन्मनांव पुष्कळदां नसतें. असतो तो पतीच्या घराण्याचा किताब. किताब वंशपरंपरेनें चालतो, त्यामुळें सासू, सून व नातसून या तिघीहि आपापल्या काळीं त्याच नांवाच्या डचेस असतात. आपल्या दप्तरांत नुसतें 'मातोश्री आईसाहेब' असें आलें म्हणजे तें पत्र कोणाच्या कारकीर्दींतलें हें ठरविल्यावांचून ती व्यक्ति कोण हें ठरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय किताब आयुष्यांत बदलतो, आणि तो बदलच कधीं कधीं आपल्या उपयोगी पडतो.

याचें उत्तम उदाहरण दुसऱ्या चार्ल्स राजाची प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिचें आहे. ती लग्नानें मिसेस पामर झाली. १६६१ च्या अखेरीस काउंटेस ऑफ कॅसलमेन झाली. आणि १६७० च्या ऑगस्टमध्यें तिला डचेस ऑफ क्लीव्हलँड हा किताब मिळाला. सर पीटर लेली यानें तिला मिनर्व्हा देवतेच्या वेषांत चितारलें तें १६६५ च्या सुमारास. तें चित्र 'विंडसरच्या सुंदरी' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मालिकेंत असून, ती मालिका पुढें विंडसरहून हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यांत गेली. अशा एखाद्या चित्रावरून केलेल्या ठशाखालीं 'डचेस ऑफ क्लीव्हलँड' असें असलें, तर तें नांव चित्राबरोबर आलेलें नाहीं हें उघड आहे. चित्र काढलें गेलें तेव्हां त्या नांवाची डचेस अस्तित्वांतच नव्हती. नांव बरोबर असेल, पण तें मागाहून जोडलेलें आहे. आणि एकदां मागाहून नांव जोडण्याची वहिवाट पडली, म्हणजे चुकीचें नांव जोडलें जाण्यासहि वाट मोकळी होते.

तिसरी गोष्ट पुष्पिकेच्या नाशाची. जेम्स ग्रँजर नांवाच्या पाद्र्यानें १७६९ सालीं इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यांतील व्यक्तींच्या छापील तसबिरी मिळवून ग्रंथांत चिकटविण्याची हौस लोकांत पसरली. ही हौस भागविण्यासाठीं किती संच फुटले व किती ग्रंथांचीं पानें फाटलीं याची गणती नाहीं. पानांत मावावा म्हणून ठसा कापीत, आणि कात्री प्रथम चाले ती तळच्या मजकुरावर. पुढें चौकटकारांनीं तोच उद्योग शोभेसाठीं चालविला. शेवटचें पान गेलेल्या पोथीचा शोक आपण करितों. कड कापलेल्या ठशाचा शोक करणारा मात्र क्वचितच भेटतो.

४

प्रत करणारा माणूस मुळाशीं किती एकनिष्ठ राहतो, हा यानंतरचा प्रश्न. येथें मूळ म्हणजे तरी काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. लेलीच्या चित्रशाळेंत मदतनीस पुष्कळ असत. बैठकींना व हातांच्या ठेवणींना क्रमांक दिलेले असत, आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणें त्यांपैकीं एखादी ठेवण वापरली जाई. त्याच्या स्त्रिया एकमेकींच्या बहिणी दिसतात. सर्वांचे डोळे अर्धोन्मीलित, पापण्या जड, आणि वस्त्र कोणत्याहि एका देशकालाचें नव्हे असें सैल रेशमी. संस्कृत काव्य वाचलेल्या माणसास याचें नवल वाटणार नाहीं. नायिकेचे नेत्र कमलासारखे असावयाचेच. त्यावरून अमुक राणीचे डोळे तसेच होते, असें कोणी अनुमान करीत नाहीं. सॅम्युएल पीप्स यानें १६६८ च्या ऑगस्टमध्यें ड्यूक ऑफ यॉर्कच्या दालनांत लेलीनें काढलेल्या राजपरिवारांतील स्त्रियांच्या तसबिरी पाहिल्या. त्यांतील कित्येकींचे चेहरे त्यानें प्रत्यक्ष पाहिलेले होते. त्याच्या रोजनिशींत कामाविषयीं पसंती आहे, साम्याविषयीं नाहीं. तेव्हां मुळांतच कविसंकेत शिरलेला आहे, हें ध्यानांत ठेवून प्रतीकडे वळावें.

लेलीच्या चित्रांवरून मेझोटिंट ठसे त्याच्या हयातींतच निघूं लागले. रिचर्ड टॉम्पसन व अलेक्झांडर ब्राउन या प्रकाशकांचीं नांवें त्यांवर आढळतात. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं टॉमस वॉटसन यानें 'विंडसरच्या सुंदरीं'पैकीं कांहींचे ठसे नव्यानें केले. वॉटसन १७८१ सालीं वारला. सर जोशुआ रेनल्डस याच्या चित्रांवर त्याचा हात बसलेला होता, आणि लेडी बॅम्फील्ड हिचा त्याचा ठसा त्या वर्गांतील उत्तम कामांत गणला जातो. हे दोन काळांतले ठसे शेजारीं ठेवून पाहिले असतां कौशल्य निःसंशय वॉटसनकडे अधिक दिसतें. आरंभींच्या ठशांत छाया ठोकळ आहेत, संक्रमण अडखळतें. परंतु साक्षीच्या दृष्टीनें आम्ही त्या ओबडधोबड ठशांस अधिक मान देऊं. वॉटसनच्या हातून लेलीच्या स्त्रीच्या मुद्रेंत रेनल्डसच्या काळचें मार्दव उतरलें आहे, असें आम्हांस वाटतें. विद्वान् लेखक प्रत करितांना आर्ष प्रयोग सुधारून पाणिनीय करितो, आणि अडाणी लेखक अशुद्धासकट जसेंच्या तसें उतरवितो. पाठशोधकास उपयोग कोणाचा अधिक होतो, हें येथील वाचकांस सांगावयास नको.

जॉन स्मिथची गोष्ट या दोहोंहून वेगळी आहे. तो नेलरच्या मर्जींतला ठसेकार होता, व त्याचे पुष्कळसे ठसे मूळ चित्रकाराच्या डोळ्यांदेखत तयार झाले. ग्रंथकारानें स्वतः तपासलेल्या प्रतीची योग्यता त्यांस आहे. मात्र ही योग्यता पत्र्याच्या पहिल्या ठशांची, आमच्या त्या मागाहूनच्या कागदाची नव्हे. नेलरनें मेरी राणीसाठीं काढलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या सुंदरी धाकट्या जॉन फेबरनेंहि पुढें उतरविल्या आहेत. हा फेबर १७५६ सालीं वारला. स्मिथ व फेबर यांच्या दोन पिढ्यांच्या कामांतला फरक अभ्यासकांनीं अवश्य पाहावा.

प्रतीवरून पुन्हां मूळ निर्माण होण्याचा एक चमत्कारिक प्रकार येथें नोंदला पाहिजे. डब्लिनचा जेम्स मॅकार्डेल यानें रेनल्डसच्या चित्रावरून लेडी कॅरोलाइन रसेल हिचा ठसा केला. ही स्त्री पुढें १७६२ सालीं डचेस ऑफ मार्लबरो झाली. तो ठसा समुद्र ओलांडून अमेरिकेंत बोस्टन येथें गेला, आणि तेथील तरुण चित्रकार जॉन सिंगलटन कॉपली यानें १७६३ च्या सुमारास मिसेस जेराथमील बॉवर्स या स्थानिक गृहिणीची तसबीर त्यावरून रचली. बैठक तीच, पोषाख तोच, मांडीवरचें कुत्रेंहि तेंच. चेहरा तेवढा निराळा. हें तैलचित्र हल्लीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. कॉपली १७७४ पर्यंत युरोपांत गेलेला नव्हता. रेनल्डसचें मूळ चित्र त्यानें पाहिलेलें नव्हतें. ठशांत रंग नसतो, तेव्हां वस्त्राचा रंग त्यानें आपल्या मनानें भरला. या चित्रावरून कोणी बोस्टनच्या गृहिणी अमुक तऱ्हेचा पोषाख करीत असें लिहिलें, तर तो एका इंग्रज सरदारकन्येचा पोषाख बोस्टनच्या इतिहासांत घालील. तैलचित्र म्हणजे मूळ व छापील ठसा म्हणजे नक्कल, असा जो सोपा नियम आपण करून ठेवतों, तो येथें पार उलटतो.

५

मग या ठशांस टाकून द्यावें काय? असें म्हणणाऱ्यांस एकच उदाहरण पुरे आहे. व्हॅलेंटाइन ग्रीन यानें रेनल्डसनें काढलेल्या समकालीन उमराव स्त्रियांच्या पूर्णाकृति तसबिरींचा एक संच १७७९ ते १७८२ या काळांत काढला. त्यांत डचेस ऑफ रटलंड मेरी इसाबेला हिचा १७८० चा ठसा आहे. या डचेसचें मूळ तैलचित्र बेल्व्हर येथील गढीस १८१६ सालीं जी आग लागली तींत जळून गेलें. आज रेनल्डसची ती कृति पाहावयाची म्हणजे ग्रीनचा ठसा पाहावयाचा. मातृका नष्ट झाली, प्रत राहिली.

अशा एकट्या राहिलेल्या प्रतीवर विश्वास किती ठेवावा? पाठशोधनांत यास एक मार्ग आहे. त्याच लेखकानें केलेली दुसरी एखादी प्रत, जिची मातृका उपलब्ध आहे, ती मुळाशीं ताडून पाहावी. म्हणजे लेखकाच्या संवयी कळतात, आणि त्या संवयींचा हिशेब धरून एकट्या प्रतीचें वाचन करितां येतें. येथें सुदैवानें तसा योग आहे. त्याच संचांत १७८० सालचा डचेस ऑफ डेव्हनशर जॉर्जियाना हिचा ठसा असून, तिचें रेनल्डसनें काढलेलें मूळ चित्र कॅलिफोर्नियांतील हंटिंग्टन संग्रहांत शाबूत आहे. कठड्याजवळ पायऱ्या उतरणारी, केशरचनेंत पिसें खोवलेली ही स्त्री चित्रांत व ठशांत ताडून पाहिली असतां रचना, उभें राहण्याची ढब व वस्त्रांचा झोक यांत ग्रीन विश्वासू असल्याचें दिसून येतें. तेव्हां रटलंडच्या डचेसच्या बाबतींतहि रचना व ढब एवढ्यापुरता त्याचा शब्द प्रमाण धरण्यास हरकत नाहीं. रंगाविषयीं तो मुका आहे. आणि मुद्रेच्या बारकाव्याविषयीं आपण सावध राहावें हें बरें.

येथेंच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ चित्र शाबूत असलें म्हणजे ठशाचा उपयोग संपला असें नाहीं. रेनल्डसला रंगांचे नवे नवे प्रयोग करण्याची हौस होती. त्याचे कित्येक तांबडे रंग टिकाऊ नव्हते. डांबरी द्रव्याच्या मिश्रणानें कित्येक ठिकाणीं पृष्ठभाग तडकला. त्याच्या हयातींतच कांहीं चेहरे फिके पडूं लागल्याची तक्रार झाली होती. चित्र ताजें असतांना जो ठसा घेतला गेला, त्यांत त्या दिवशींचे छाया-प्रकाश गोठून राहिले आहेत. मुळांतील अक्षरें पुसट झालीं असतां जुन्या प्रतीवरून तीं लावावीं, तसा हा उपयोग आहे. मूळ जिवंत असतांनाहि प्रत त्याच्याहून जुनी साक्ष देऊं शकते, हें कदाचित् कोणास चमत्कारिक वाटेल; पण दक्षिणेंतील ताडपत्रांच्या व त्यांवरून वेळींच करून घेतलेल्या कागदी नकलांच्या अनुभवावरून आपणांस तें पटण्यास अडचण पडूं नये.

६

एकंदर विचार असा ठरतो. मेझोटिंट ठसा हा साक्षीदार खरा, परंतु तो कोणत्या गोष्टीचा साक्षीदार आहे हें आधीं ठरविलें पाहिजे. चित्राच्या रचनेचा तो चांगला साक्षीदार आहे. छाया-प्रकाशाचा, पहिला ठसा असल्यास, उत्तम. ठसेकाराच्या स्वतःच्या काळच्या अभिरुचीचा तर तो नकळत दिलेला कबुलीजबाब आहे. त्या स्त्रीच्या नांवाचा तो मध्यम साक्षीदार, आणि तिच्या प्रत्यक्ष चेहऱ्याचा सर्वांत दुबळा. कारण चेहरा चित्रकाराच्या संकेतांतून, ठसेकाराच्या हातांतून व पत्र्याच्या झिजेंतून असा तीनदां गाळला गेलेला असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, सुंदर स्त्रियांचे हे संच श्रीमंतांच्या भिंतींसाठीं निघाले. त्यांच्यावर एवढा न्याय कशास चालवावा? आमचें उत्तर असें कीं, या स्त्रियांपैकीं पुष्कळींची आठवण लोकांस उरली आहे ती याच कागदावर. तिच्या नवऱ्याचा किताब ठशाखालीं आहे, चित्रकाराचें व ठसेकाराचें नांव आहे, विकणाऱ्याच्या दुकानाचा पत्ताहि कधीं कधीं आहे. तिचें स्वतःचें नांव तेवढें नाहीं. तें शोधून काढणें, व सांपडलें नाहीं तर खोटें न जोडणें, एवढें तिचें देणें आपण लागतों. चुकीचें नांव एकदां छापलें गेलें म्हणजे तें किती चिवट होतें याचा अनुभव महाराष्ट्रानें घेतलाच आहे. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं शिवछत्रपतींची डच साधनांतील तसबीर प्रकाशांत आणीपर्यंत दुसऱ्याच एका व्यक्तीचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात होतें. त्याच वर्षीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें आदिपर्व डॉ. सुखठणकर यांनीं सिद्ध करून, प्रतींची कुळें लावून पाठ कसा ठरवावा याचा धडा घालून दिला. ती रीत शब्दांपुरतीच आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं असे ठसे असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं प्रत्येक ठशाची नोंद करितांना पांच रकाने ठेवावे : मूळ चित्रकार व चित्राचा काळ, ठसेकार, प्रकाशक व पत्र्यावरील तारीख, पत्र्याची अवस्था, म्हणजे मजकूर कोरण्यापूर्वींचा ठसा कीं नंतरचा, ताजा कीं झिजलेला, आणि शेवटीं कागद, उजेडासमोर धरून पाहिलेला. चित्र उलटें तर नाहीं, हेंहि पाहावें. पत्र्यावर सरळ काढलेलें चित्र कागदावर उलटें उठतें, व तें टाळण्यास ठसेकारास मुद्दाम उलटें काम करावें लागतें. म्हणून ठशांतील डावा हात मुळांत उजवा असण्याचा संभव नेहमींच असतो. अवस्था ठरविण्यास जॉन चॅलोनर स्मिथ याची १८७८ ते १८८३ या काळांत निघालेली ब्रिटिश मेझोटिंट तसबिरींची सूचि अद्यापहि उपयोगी आहे. ब्रिटिश म्यूझियम व लंडनची राष्ट्रीय व्यक्तिचित्रशाळा यांनीं आपल्या ठशांचीं छायाचित्रें आतां सर्वांस पाहण्यासाठीं खुलीं केलीं आहेत, त्यामुळें जें ताडून पाहण्यास पूर्वीं विलायतेस जावें लागे तें घरीं बसून होतें. कागदाची परीक्षा मात्र छायाचित्रावरून होत नाहीं. त्यास हातांतला कागद व खिडकीचा उजेडच पाहिजे.

आणि कोणीहि, चौकट लहान पडते म्हणून, ठशाचा तळ कापूं नये. आमच्या त्या लेडी क्रॉमवेलचा तळ शाबूत होता, म्हणूनच आमची चूक आम्हांस सांपडली. तो ठसा आम्हीं अद्याप ठेविला आहे. त्याच्या मागील बाजूस पेन्सिलीनें आम्हीं पूर्वीं घातलेला काळ खोडून नवा लिहिला आहे, आणि खोडलेलाहि वाचतां येईल असा राहूं दिला आहे. इत्यलम्.